वापरली जात असे

संग्रहालय बंद करायची वेळ झाली होती. आतल्या खोलीतले दिवे मालवून मी बाहेर आले तर दारात काकू उभ्या. हातात घडी घातलेली कापडी पिशवी, आणि काही मागायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो संकोच. "अगं, एक काम होतं तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "माझी कात्री एका दिवसासाठी नेऊ का? नातीचा फ्रॉक बेतायचाय. लेकानं नवी आणून दिलीय, पण ती काही हातात बसत नाही. उद्या संध्याकाळी आणून देते परत." मी वळून काचपेटीकडे पाहिलं. अंधारात कात्री दिसत नव्हती, तिच्या लेबलाचा पांढरा चौकोन तेवढा दिसत होता. मग मी त्यांना समजावून सांगितलं. प्रदर्शन संपेपर्यंत वस्तू हलवता येत नाही. पेटी बंद केलेली आहे. करारात सहा महिने लिहिलेत. आणि तुम्हाला दिली तर उद्या दुसरं कुणी येईल, त्यांनाही द्यावी लागेल. सगळं हळू आवाजात, नीट सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या, पिशवीची आणखी एक घडी घातली आणि गेल्या.

त्या "बरं"मध्ये राग नव्हता. राग असता तर मी रात्री झोपले असते. एखाद्या गिऱ्हाइकानं कापड कमी आणलं तर आयुष्यभर त्या जशा "बरं, बघते" म्हणत आल्या असतील, तसं ते होतं. समोरच्यानं दिलंय तेवढ्यात भागवून घेण्याची सवय असलेल्या बाईचं "बरं". आणि मी काय केलं होतं, तर काकूंची स्वतःची कात्री काकूंना नाकारली होती.

आमचं संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. एक रस्त्याला लागून, एक आतली. वस्तीनं वस्तीसाठी करायचं ठरवलेलं काम, त्यामुळे हौस भरपूर आणि हात थोडे. मांडणीची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण तेच काम मी पोटासाठीही करते. पहिल्या प्रदर्शनाचा विषय ठरला 'हाताचं काम'. सुतार, शिंपी, चांभार, घड्याळजी, रंगारी, जे जे कुणी या गल्ल्यांमध्ये हातानं काही करत आलं, त्यांच्या वस्तू जमवायच्या. आम्ही दारोदार फिरलो. प्रत्येक घरात पहिलं वाक्य एकच यायचं: "आमच्याकडे काय असणार दाखवण्यासारखं?" मग आतून काहीतरी चकचकीत बाहेर यायचं. बक्षिसाचा पेला, चौकटीतलं प्रमाणपत्र, कधी न वापरलेला काचेचा संच. त्या वस्तू आदरानं हातात घ्यायच्या, बघायच्या, आणि बोलता बोलता नजर पलंगाखाली, खिडकीत, खुंटीवर फिरवायची, ही त्या दिवसांत अंगवळणी पडलेली युक्ती. काकूंनी शिवणाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र काढलं होतं. कात्री मशीनच्या फळीवर पडलेली होती, तिच्या पात्याला दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. मीच म्हणाले, ही द्याल का? त्या जरा थांबल्या. तो दोरा काढून टाकला, पदराआड पुसावं तशी हातानंच पाती पुसली. "सहा महिने ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "बरं, ने."

तेव्हाही त्या "बरं"च म्हणाल्या होत्या. मी ते होकार म्हणून घेतलं होतं.

ती कात्री मी इतकी जवळून पाहिली आहे की डोळे मिटून काढून दाखवीन. बिडाची मूठ, तिचा काळा रंग धरायच्या जागी पार गेलेला आणि जिथं बोट लागत नाही अशा कोपऱ्यांत मात्र शाबूत. वजन इतकं, की पहिल्यांदा उचलताना मनगट खाली गेलं. मूठ पात्यांच्या रेषेत नाही, वर वाकलेली. अंगठा घालायच्या कडीवर कापडाची पट्टी गुंडाळलेली, दोऱ्यानं पक्की टाचलेली. सर्वांत बाहेरचा थर घामानं आणि तेलानं कातड्यासारखा तुळतुळीत झालेला, मूळ रंग ओळखू येऊ नये असा. पण कडेला, जिथं थर एकमेकांवर संपतात, तिथं भिंगातून पाहिलं की एकाखाली एक निळी चौकट दिसायची, मग विटकरी, मग पांढरं जाड कापड, मग बारीक फुलांचं काहीतरी. मी सात थर मोजले. पट्टी झिजली की काकू जुनी काढत नसत, वरून नवी गुंडाळत, त्या दिवशी जे कापड हाताशी असेल त्याची. कुणाचा तरी शाळेचा गणवेश, कुणाचा पडदा, कुणाचा फ्रॉक. एका पात्याला टोकापासून चार सेंटिमीटरवर एक खाच होती. "टाचणीवर बसली होती," काकूंनी सांगितलं होतं, "त्या दिवशी मी जेवले नाही."

हे वाक्य मी लेबलात घातलं नाही. वस्तू ताब्यात घेताना तिची अवस्था टिपून ठेवायचा कागद असतो, त्यात लिहिलं: 'पात्याला खाच, जुनी.'

मग मांडणी. डोळ्यांच्या उंचीवर वस्तू यावी म्हणून चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरायचा, हा आमच्या धंद्यातला रूढ आकडा. चाकाच्या खुर्चीवरून पाहणाऱ्यासाठी तो फार वर जातो, म्हणून आम्ही काचपेट्या खाली आणल्या होत्या आणि त्याचं मला समाधान होतं. कात्रीसाठी मी पितळी तारेचा एक नाजूक आधार करवून घेतला. पाती थोडी उघडी, टोकं वर, जणू आता उडेल. मागे राखाडी पार्श्वभूमी. सावली पडायची तीही सुंदर. उद्घाटनाला काकू आल्या, पेटीसमोर उभ्या राहिल्या, मान थोडी वाकडी केली आणि म्हणाल्या, "हवेत काय कापणार ती?" आजूबाजूचे हसले, मीही हसले, मला ते कौतुकच वाटलं. त्या मात्र हसत नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

लेबलाची गोष्ट याहून अवघड आहे. एका लेबलात साधारण ५० ते ७५ शब्द बसवायचे असतात. त्याहून जास्त असलं तर उभ्यानं कुणी वाचत नाही. इतक्या थोड्या जागेत काय ठेवायचं आणि काय सोडायचं यावर आम्ही रात्र रात्र बसलो आहोत. काकूंच्या कात्रीखाली मी जे लिहिलं ते असं: 'शिंप्याची कात्री. लोखंड, बीड, कापड. वस्तीतील घरगुती शिवणकामासाठी वापरली जात असे.' त्या वेळी ते मला नेमकं वाटलं होतं. काकू गेल्या त्या रात्री मी दिवा लावून ते पुन्हा वाचलं. वापरली जात असे. कुणाकडून? कुठे गेलं ते माणूस? जी बाई पाऊण तासापूर्वी या दारात उभी राहून उद्या बेतायचंय म्हणाली, तिला या वाक्यात कुठेच जागा नव्हती. 'जात असे' म्हणजे सगळं होऊन गेलं, माणसं गेली, धूळ बसली, आता आपण सुरक्षित अंतरावरून बघू. संग्रहालयांत आपण लहानपणापासून हीच भाषा वाचत आलो. नाणी वापरली जात असत, धान्य साठवलं जात असे, युद्धात ढाली वापरल्या जात. हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूला ते चालतं, कारण विचारायला कुणी उरलेलं नसतं. माझ्या हाताला तेच वळण होतं, आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईबद्दल लिहिताना मी तेच वळण गिरवलं. काकूंनी उद्घाटनाच्या दिवशी ते वाचलं असणारच. चष्मा काढून, डोळे बारीक करून, काचेला नाक लावून वाचत होत्या.

काचेला नाक लावावं लागलं याचंही कारण मीच. कापड, कागद, जुने फोटो यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू द्यायचा नाही, असा संकेत आहे. तैलचित्रांना २०० चालतो. प्रकाशानं रंग उडतो, धागा कुजतो, आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही, ते साचत जातं. ५० लक्सवर दहा तास आणि ५०० लक्सवर एक तास, कापडाच्या लेखी हिशोब एकच. कात्रीच्या मुठीवर कापड होतं, म्हणून मी ती पेटी ५० लक्सवर ठेवली. पण साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. आमचं संग्रहालय बघायला येणारे निम्म्याहून अधिक लोक साठीपुढचे. म्हणजे कापड वाचवायचं तर ज्यांचं कापड त्यांनाच दिसू नये अशी सोय. नंतर आम्ही लेबलं पेटीबाहेर काढली, त्यांच्यावर वेगळा छोटा दिवा दिला, अक्षरं मोठी केली. तेवढं सुधारता आलं. पण काकूंच्या खिडकीतली ती मशीन मी पाहिलेली आहे. सकाळचं ऊन थेट फळीवर येतं. उघड्या उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. त्या उन्हात, त्या घामात, ते सात थर वर्षानुवर्षं राहिले, आणि माझ्या हातात आल्यावर मी त्यांना जपायला अंधार केला. अंधार करणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी तो दिवा पुन्हा लावला तर पुन्हा ५० वरच ठेवीन. तरी हे दोन उजेड डोक्यात शेजारी शेजारी ठेवले की मला काही सुचेनासं होतं.

त्या रात्रीनंतर मी जरा घाबरून वाचायला लागले. इतरांनी काय केलं असेल? वॉशिंग्टनच्या ॲनाकॉस्टिया भागात १९६७ मध्ये एका जुन्या सिनेमागृहात वस्तीचं संग्रहालय सुरू झालं. जॉन किनार्ड हे त्याचे पहिले संचालक. त्यांच्या १९६९ च्या एका प्रदर्शनाचा विषय होता उंदीर. वस्तीतल्या घरांत उंदीर होते, मुलांना चावत होते, तेव्हा संग्रहालयानं उंदरांवर प्रदर्शन केलं, जिवंत उंदीर ठेवून. हे वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसले. आमच्या बैठकीत विषय निवडताना कुणी विचारलं नव्हतं की या वस्तीला आज काय चावतंय. आम्ही विचारलं होतं की जुनं काय उरलंय. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण त्यांतून निघणाऱ्या खोल्या वेगळ्या. सिॲटलच्या विंग ल्यूक या आशियाई वंशाच्या अमेरिकी लोकांच्या संग्रहालयात तर विषय काय, गोष्ट कुठली सांगायची, वस्तू कुठल्या, हे त्या त्या समाजातल्या लोकांची समिती ठरवते. मांडणी करणारे नंतर येतात. माझ्यासारखीला हे वाचताना आधी जरा दुखतं. इतकी वर्षं शिकलेलं, हाताला आलेलं कसब, त्याचं काय, असं वाटतं. मग आठवतं, हवेत काय कापणार ती.

केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला. पुढच्या वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसं तिथून हलवली गेली, घरं पाडली गेली. १९९४ मध्ये एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये त्या वस्तीचं संग्रहालय उभं राहिलं. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आणि पूर्वी तिथं राहिलेल्या लोकांनी वाकून त्यावर आपली घरं, आपली नावं लिहिली. पाडापाडीच्या कामावरच्या एका माणसानं जपून ठेवलेल्या रस्त्यांच्या नावाच्या पाट्या तिथं टांगल्या आहेत. आणि एक लांबलचक कापड आहे. येणाऱ्यांनी त्यावर आपलं नाव, आपली आठवण लिहायची, आणि मग ती अक्षरं दोऱ्यानं भरतकाम करून पक्की करायची. मी तिथं गेलेले नाही, फोटोच पाहिलेत. पण त्या कापडाचा विचार मी फार केला. शाई उडणार हे त्यांना माहीत होतं. त्यावर त्यांनी अंधार केला नाही, टाके घातले.

आमच्याकडे असं काही थोडंफार झालं ते ठरवून नाही, चुकून. आतल्या खोलीत एक मोठा समूहफोटो आहे, जुन्या कारखान्याच्या दारातला, चार ओळींत बसलेली-उभी माणसं. आम्हाला नावं माहीत नव्हती. तेव्हा फोटोची रेखाकृती काढून, प्रत्येक डोक्याला आकडा देऊन तो कागद खाली लावला आणि दोरीला पेन्सिल बांधून ठेवली. पहिल्या आठवड्यात अकरा नावं आली. दुसऱ्या आठवड्यात खाडाखोड सुरू झाली. तिसऱ्या ओळीतला डावीकडून पाचवा कोण, यावर दोन घरांत वाद. दोघेही म्हणत, आमचे वडील. एक दुपारभर मी त्या दोन म्हाताऱ्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या, पण भावंडं नसलेल्या माणसांना ऐकत बसले होते. एक म्हणत होता, कान बघा. दुसरा म्हणत होता, उभं राहण्याची ढब बघा, एक खांदा खाली. शेवटी कुणीच हटलं नाही आणि कागदावर दोन्ही नावं राहिली. मी ती दोन्ही छापली. नंतर एका संध्याकाळी एक बाई आल्या, फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, त्या कागदावर सतराव्या आकड्यापुढे कुणी नाव लिहिलं तर ते खोडा. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. सतरा अजून कोरा आहे, आणि तो तसाच ठेवणं हेही मांडणीचंच काम आहे हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या काळातल्या माणसांबद्दल मांडताना सतरा नंबर तुमच्याकडे चालत येत नाही. वस्तीच्या संग्रहालयात तो येतो, आणि उद्या सकाळी रस्त्यात पुन्हा भेटतो.

याच वाचनात फ्रान्समधल्या ल क्रूझो या गावाबद्दल कळलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं जे संग्रहालय उभं राहत होतं, त्याच्यामागे जॉर्ज हेन्री रिव्हिएर आणि यूग द वारीन या दोन संग्रहालयतज्ज्ञांची नावं येतात. त्यांची कल्पना अशी होती की संग्रहालय म्हणजे इमारत नाहीच, तो सगळा परिसरच संग्रहालय. तिथलं झाड, यंत्र, घर, घरातली खुर्ची, हे सगळं मनानं संग्रहात धरायचं, पण कायद्यानं ते ज्याचं त्याच्याकडेच राहणार. मालकी हलत नाही, वस्तू हलत नाही, वापर थांबत नाही. मी हे वाचत होते तेव्हा काकूंची कात्री काचेत जाऊन तिसरा महिना लागला होता. मनात आलं, ती मशीनच्या फळीवर राहूनही संग्रहालयात असू शकली असती. आणि लगेच दुसरंही आलं: मग ज्या मुलांनी ती पेटीसमोर नाक चेपून पाहिली, ज्यांनी कधी काकूंच्या घरात पाऊल टाकलं नसतं, त्यांचं काय? एका मुलीनं मला विचारलं होतं, हे कापड का बांधलंय? मी म्हणाले, अंगठा दुखू नये म्हणून. तिनं स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. तो क्षण काचेशिवाय झाला नसता. मी या दोन गोष्टींच्या मध्ये अजून उभी आहे.

चौथ्या महिन्यात कात्रीच्या खिळ्याजवळ गंज दिसला.

फार नाही, मोहरीएवढे दोन ठिपके. पण माझ्या पोटात खड्डा पडला. वस्तू आली तेव्हा खिळ्याला तेल होतं. तेलावर धूळ बसते आणि ते मुठीवरच्या कापडात झिरपेल, या भीतीनं आम्ही ते पुसून काढलं होतं, अगदी काळजीपूर्वक, कापसाच्या बोळ्यानं. लोखंडाला कोरडी हवा हवी, कापडाला फार कोरडी सोसत नाही. एकाच वस्तूत दोन्ही असली की मधला कुठला तरी आकडा धरावा लागतो, आणि आम्ही कापडाच्या बाजूनं झुकलो होतो. हातमोजे घालून हाताळलं होतं, कारण घामातलं मीठ लोखंड खातं. लाकडाच्या फळ्यांतून निघणारी आम्लं धातूला लागतात म्हणून पेटीसुद्धा धातूची घेतली होती. एवढं सगळं करून चार महिन्यांत दोन ठिपके. काकूंकडे ती उघड्या फळीवर, ओल्या हातांत, पावसाळ्यांमागून पावसाळे राहिली आणि तिला गंज नव्हता, कारण त्या रोज काम संपलं की पाती पुसायच्या आणि आठवड्याला खिळ्यात थेंबभर तेल सोडायच्या. मला हे त्यांनी सांगितलंही होतं. मी ते ध्वनिमुद्रित करून ठेवलंय. फाइलला नाव दिलंय, तारीख टाकलीय, सगळं व्यवस्थित आहे. ऐकलं मात्र तेव्हा नव्हतं.

दोन ठिपके आम्ही काढले, नोंद केली. पुढच्या प्रदर्शनासाठी उसनवारीचा करार नव्यानं लिहिला. त्यात आता एक कलम आहे: 'वस्तूच्या मालकाला ती वापरण्यासाठी हवी असल्यास एक दिवस आधी कळवून नेता येईल. किती दिवसांसाठी, ते दोघांनी मिळून ठरवावं.' समितीत त्यावर बराच वाद झाला. एकानं विचारलं, वस्तू तुटली तर? मी म्हणाले, ती त्यांची आहे. हे उत्तर पुरेसं नाही हे मलाही कळतं. कलम राहिलं. आजवर तीन जणांनी ते वापरलंय. लेबलं मी आता वस्तूच्या मालकासमोर बसून लिहिते. आधी वाचून दाखवते आणि मग क्रियापदावर बोट ठेवून विचारते, हे असंच ना? बहुतेक वेळा काळ बदलावा लागतो.

सहा महिने झाले, प्रदर्शन उतरवलं. कात्री पोचवायला मी स्वतः गेले. फोममध्ये तिच्या आकाराची खोबण कापलेला खोका, आत तलम कागद, वर करारावरची परतीची सही घ्यायचा कागद. काकूंनी दार उघडलं, खोका बघून "एवढं?" म्हणाल्या. मी गंजाचं सांगून टाकलं, आधीच, बसायच्याही आत. त्यांनी कात्री खोक्यातून काढली, खिडकीशी नेली, खिळा बघितला, अंगठ्यानं घासला. "तेल नाही घातलंत," एवढंच म्हणाल्या. मशीनच्या खणातून छोटी तेलाची बाटली काढली, खिळ्यावर एक थेंब सोडला, पाती चार-पाच वेळा उघडमीट केली. पहिल्या दोन वेळा कोरडा कर्र आवाज आला, मग तो गेला. मी विचारलं, फ्रॉक झाला का? "झाला. नव्या कात्रीनं कापला. घेराला कड जरा वाकडी आली, पण तिला काय कळतंय, घालून नाचतेय." सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पायांकडे बघत राहिले.

मग त्यांनी कपाटातून पडद्याचं कापड काढलं, जाड, गडद हिरवं, आणि जमिनीवर नव्हे तर मोठ्या टेबलावर पसरलं. खडूनं रेघ आधीच मारलेली होती. म्हणजे काम थांबवून ठेवलेलं होतं, किती दिवस ते मी विचारलं नाही. त्यांनी अंगठा कडीत घातला, त्या सात थरांत, आणि कात्री आडवी केली. खालचं पातं टेबलाला टेकवलं. आणि तेव्हा मला ती वाकलेली मूठ कळली. पातं टेबलावरून सपाट सरकत जातं, मूठ वर असल्यामुळे बोटं टेबलाला घासत नाहीत, कापड वर उचलावं लागत नाही, जिथल्या तिथं पडून राहतं. पातं शेवटपर्यंत टेबल सोडत नाही. सहा महिने मी तिला तारेवर उभं केलं होतं. आवाज होता लांब, जड, न तुटणारा, मध्येच खाचेपाशी अगदी किंचित अडखळणारा, आणि प्रत्येक वेळी काकूंचं मनगट तिथं जरासं दाबून पुढे जाणारं.

अर्ध्यावर आल्यावर कापडाचं दुसरं टोक टेबलावरून घसरायला लागलं. मी सहीचा कागद हातात घेऊन उभी होते.

"ते ठेव गं बाजूला," काकू मान वर न करता म्हणाल्या, "आणि हे टोक धर. ओढू नको, नुसतं धर."